खताच्या झाकणावरचे पांढरे धागे

प्रश्न : ताई, आम्ही वर्तकनगरला राहतो. गॅलरीत दोन डबे ठेवून घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करतो आणि तेच कुंड्यांना घालतो. पाऊस सुरू झाल्यापासून डब्याच्या झाकणाला आतून केसाहून बारीक पांढरे धागे वळवळताना दिसतात. सासूबाई म्हणतात, हे जंतच आहेत, खत फेकून दे आणि कुंड्यांत थिमेट टाक. धाकटा मुलगा सारखा मातीत हात घालतो, म्हणून मलाही काळजी वाटते. तुळसही पिवळी पडली आहे, तिचा याच्याशी काही संबंध असेल का? आणि सातवीतली मुलगी विचारते, हे किडे उपवन तलावातही असतात का आणि तिला ते नीट बघता येतील का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आधी थिमेटचं सांगते, कारण ते तातडीचं आहे. ते टाकू नका. थिमेट म्हणजे फोरेट, अतिविषारी कीटकनाशक. केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या आदेशानुसार २०२० च्या अखेरीस त्याचा वापर देशभर बंद झाला. जिथे लहान मूल मातीत हात घालतं, त्या गॅलरीत त्याचा एक दाणाही नको. घरात जुनी पुडी पडून असेल तर ती ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात मिसळू नका. घातक घरगुती कचरा म्हणून वेगळी बांधून, तसं सांगून द्या.

आता धाग्यांकडे वळू. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब साचतात, त्या थेंबांत साधारण मिलिमीटरभर लांबीचे, जवळजवळ पारदर्शक जीव नागमोडी झटके देत असतील, तर ते गोलकृमी आहेत. शेतकी पुस्तकांत त्यांना सूत्रकृमी म्हणतात. ओळखायची खूण त्यांच्या हालचालीत आहे. गांडुळाच्या अंगात लांबीच्या दिशेचे स्नायू असतात, तसे आडवे, वळ्यांचे स्नायूही असतात. म्हणून ते आखडतं आणि लांब होतं. गोलकृमीला फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू मिळालेले आहेत. त्याचं शरीर आतल्या द्रवाच्या दाबाने पाण्याने भरलेल्या रबरी नळीसारखं तट्ट असतं. एका बाजूचे स्नायू आवळले की अंग वाकतं, दुसऱ्या बाजूचे आवळले की उलटं वाकतं. त्याच्याकडून एवढंच होतं, आणि त्यावरच तो सगळी माती पालथी घालतो. डब्यात सेंटिमीटरभर लांबीचे, दुधी रंगाचे, सावकाश आखडणारे कृमीही दिसले, तर ते गोलकृमी नसून गांडुळाच्या कुळातले एन्कायट्रेइड. तेही निरुपद्रवी आहेत.

खताच्या डब्यात असे गोलकृमी झुंडीने दिसतात, तेव्हा ते बहुतेक ऱ्हॅब्डिटिडी नावाच्या कुळातले असतात. हे कुळ कुजणाऱ्या वस्तूंवर जगतं, पण ते कुजकं अन्न खात नाही. त्यावर वाढणारे जिवाणू खातं. या कृमीचं तोंड म्हणजे एक साधी उघडी नळी. नळीच्या मागे घशाचा फुगीर भाग असतो, त्यात जिवाणू भरडले जातात. रोपाच्या मुळात खुपसायला लागणारी सुई या तोंडात नसते, आणि माणसाच्या आतड्याला धरून राहायला लागणारे दातही नसतात. शिवाय आपल्या पोटातलं आम्ल, ३७ अंशांची ऊब आणि ऑक्सिजनची चणचण यांत हे जीव टिकून वाढू शकत नाहीत. तुमच्या मुलाच्या बोटाला ते लागले तरी त्यांचा जंत होत नाही.

पण सासूबाईंची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पिढीने गोलकृमींची वेगळी बाजू पाहिली आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभराने पायाला फोड यायचा आणि त्यातून हातभर लांब कृमी दिवसेंदिवस काडीला गुंडाळत बाहेर काढावा लागायचा. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पाणी गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं अशा साध्या कामांनी तो गेला, त्यावर कुठलीही लस नव्हती. हत्तीपाय रोगाचा कृमी डासांतून येतो आणि तो अजून पुरता गेलेला नाही. मुलांच्या पोटातले जंत आणि अंकुशकृमी तर आजही आहेत. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती त्यांच्यासाठीच.

फरक कुठे आहे ते नीट लक्षात घ्या. पोटातल्या जंताचं अंडं माणसाच्या विष्ठेतून मातीत येतं, तिथे दोन-तीन आठवडे पिकतं आणि मग न धुतलेल्या हाताने किंवा भाजीतून तोंडात जातं. अंकुशकृमीची अळी विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते. तुमच्या डब्यात भाजीची देठं, चहाचा चोथा आणि फळांच्या साली आहेत, तिथे ही अंडी येणार कुठून? सोसायटीच्या आवारातली माती मात्र वेगळी समजा. तिथे कुत्री-मांजरी घाण करतात आणि त्यांच्या पोटातल्या कृमींची अंडी त्या मातीत असू शकतात. म्हणून मातीत खेळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि आवारात पायात चप्पल असायची, हे नियम राहू द्या.

ऱ्हॅब्डिटिडी कुळाबद्दल थोडं जास्त सांगण्याचा मोह मला आवरत नाही, कारण जगातल्या सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या प्राण्यांपैकी एक याच कुळात आहे. त्याचं नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. एमिल मोपा या फ्रेंच अभ्यासकाने १९०० साली अल्जिअर्सच्या आसपासच्या मातीतून त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा वाण १९५१ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ सापडला, आणि तोही कुठे, तर अळिंबीसाठी केलेल्या खतात! सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात मज्जासंस्थेच्या अभ्यासासाठी हा कृमी निवडला. लांबी मिलिमीटरभर, अंगातून आरपार दिसतं, तीन-चार दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो आणि बहुतेक प्रौढ उभयलिंगी असल्यामुळे एकटाच सुमारे ३०० पिल्लं देतो. त्याच्या शरीरात प्रजननाच्या पेशी सोडून ९५९ पेशी असतात, त्यांपैकी ३०२ चेतापेशी. अंड्यापासून यातली प्रत्येक पेशी कुठून कशी आली, याची वंशावळ जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभी केली. जनुकांचा संपूर्ण आराखडा वाचला गेलेला पहिला बहुपेशीय प्राणी हाच, १९९८ साली. त्याच्यावरच्या कामाला २००२, २००६ आणि २०२४ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्या यानातल्या प्रयोगाच्या डब्यांमधले हे कृमी काही आठवड्यांनी अवशेषांत जिवंत सापडले.

हा सगळा परदेशचा इतिहास झाला असं वाटेल, पण त्यात आपल्या बाजूचीही माती आहे. एलेगन्सचा सख्खा शेजारी म्हणजे ब्रिग्सी ही जात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे इतके सारखे दिसतात की जाणकारही फसतात, पण जनुकांवरून त्यांची फारकत कोट्यवधी वर्षांपूर्वी झाल्याचं दिसतं. २००३ साली ब्रिग्सीचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. तो ज्या वाणावरून वाचला, तो अहमदाबादच्या मातीतून घेतलेला आहे. सखल उष्ण प्रदेशांत एलेगन्सपेक्षा ब्रिग्सीच जास्त भेटते. आणि तुमच्या मुलीला हेही सांगा की ठाण्याहून लोकल आणि बसने जाता येईल अशा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट याच कृमींवर काम करतो. चेतापेशीच्या लांब धाग्यातून मालाची ने-आण कशी होते, हे तिथे जिवंत कृमीच्या पारदर्शक शरीरात पाहतात.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. हे धागे तुमच्या खताचं नुकसान करत नाहीत, उलट खत झाडापर्यंत पोचवतात. कुजणाऱ्या देठांतला नायट्रोजन आधी जिवाणूंच्या शरीरात जातो. तो तिथेच अडकून राहिला तर मुळांना त्याचा उपयोग नाही. कृमी जिवाणू खातो, पण जिवाणूच्या अंगात कार्बनच्या मानाने नायट्रोजन इतका जास्त असतो की कृमीला तो सगळा लागत नाही. जास्तीचा नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो आणि मुळं तो ओढून घेतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. गवताची काही रोपं नुसत्या जिवाणूंच्या मातीत वाढवली, काही जिवाणू आणि ते खाणारे गोलकृमी अशा मातीत. कृमी असलेल्या मातीतलं गवत सुरुवातीला जास्त वेगाने वाढलं आणि त्याने जास्त नायट्रोजन उचलला. दुकानातून युरियाची पिशवी आणताना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि हे थोडेथोडके नाहीत. २०१९ साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरातून घेतलेल्या मातीच्या ६,७५९ नमुन्यांवरून काढलेला अंदाज असा की जमिनीच्या वरच्या थरातच ४४ वर १९ शून्यं इतके गोलकृमी आहेत, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे सुमारे ५७ अब्ज. जमिनीवरचे पाचातले चार प्राणी गोलकृमी आहेत, असं त्यावरून दिसतं. यांतले फार थोडे आपले किंवा पिकांचे शत्रू आहेत. बाकीचे जिवाणू, बुरशी, शैवाल किंवा एकमेकांना खाऊन जगतात. मोनोंकिडी कुळातले कृमी तर शिकारी, त्यांच्या रुंद तोंडात दात असतो आणि ते दुसऱ्या कृमींना गिळतात. अमेरिकेतले नेथन कॉब यांनी १९१७ मध्येच या शिकाऱ्यांवर सविस्तर लिहिलं आणि पिकांवरच्या कृमींविरुद्ध त्यांचा उपयोग करता येईल असं सुचवलं. भारतात अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शमीम जयराजपुरी आणि त्यांच्या शिष्यांनी मातीतल्या मुक्त कृमींचं वर्गीकरण अनेक दशकं नेटाने केलं.

मातीतले म्हटले तरी हे जीव खरे पाण्यातलेच. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यात ते पोहतात. म्हणून पाऊस लागला की झाकणावर दिसू लागतात. मग एप्रिल-मे महिन्यांत, कुंडीतली माती ठणठणीत वाळते तेव्हा ते काय करतात? काही जाती अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून, वेटोळं करून पडून राहतात आणि पाणी मिळालं की पुन्हा हलू लागतात. हे किती लांबवता येतं याचं टोकाचं उदाहरण सायबेरियातलं. कायम गोठलेल्या जमिनीतून काढलेले पॅनाग्रोलायमस वंशाचे कृमी प्रयोगशाळेत जागे झाले. ते सुमारे ४६ हजार वर्षं गोठलेले होते, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलं आहे. ऱ्हॅब्डिटिडी कुळाची युक्ती वेगळी आहे. खाणं संपलं आणि गर्दी झाली की त्यांची पिल्लं वाढ थांबवून तोंड बंद असलेल्या टणक अवस्थेत जातात. तिला डाउअर अळी म्हणतात. या अळ्या काही महिने उपाशी राहू शकतात. शेपटीवर उभं राहून त्या हवेत अंग हलवत बसतात, आणि शेजारून गोगलगाय किंवा पैसा गेला की त्याला चिकटून नव्या कुजलेल्या जागी पोचतात. तुमच्या झाकणावर चढलेल्या झुंडीत अशा अळ्या असण्याची शक्यता मोठी आहे. डब्यातलं मऊ अन्न संपत आलं आहे, किंवा आत पाणी फार झालं आहे, असा त्याचा अर्थ. सुका पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या घाला, एकदा हलवा, झाकण थोडं किलकिलं ठेवा. झुंड आपोआप ओसरेल.

उपवन तलावात असे कृमी असतील का? नक्की असतील. येऊरच्या डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याबरोबर आलेला पाचोळा अशा तळ्यांच्या तळाशी बसतो, आणि गोड्या पाण्याच्या गाळात डोळ्यांना न दिसणाऱ्या बहुपेशीय प्राण्यांमध्ये गोलकृमींचीच संख्या सहसा सर्वांत जास्त असते. तिथे ऱ्हॅब्डिटिडीबरोबर मॉनहिस्टेरिडी, टोब्रिलिडी, डोरिलायमिडी अशी दुसरी कुळंही भेटतात. कोणत्या कुळाचे किती कृमी आहेत, यावरून पाण्याची आणि मातीची तब्येत कळते. नेदरलँड्सच्या टॉम बोंगर्स यांनी १९९० साली यासाठी एक मोजपट्टी मांडली. घाण आणि अन्न वाढलं की भराभर पिल्लं देणारं ऱ्हॅब्डिटिडी कुळ माजतं. शांत, न ढवळलेल्या जागी सावकाश वाढणारे मोठे कृमी टिकतात. गाळ किती विषारी आहे हे तपासायची एक आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणीही एलेगन्सवरच होते, त्याला चार दिवस गाळात ठेवून तो किती वाढला आणि किती पिल्लं झाली ते मोजतात. तलावांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात अशी तपासणी नेमाने व्हायला हवी, हे माझं आग्रहाचं मत आहे. तळ्यांचे काठ आपण सुशोभित करतो, पण गाळाकडे कोणी पाहत नाही.

आता तुळस. पिवळेपणाचं पहिलं कारण बहुधा साचलेलं पाणी असेल. कुंडीचं भोक मोकळं आहे का ते बघा. तरीही एक शंका फेडून घ्या. गोलकृमींचं एक वेगळं कुळ मुळांवर गाठी करतं. तुळस, टोमॅटो, वांगी, मिरची यांना ते लागतं, आणि सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या बागांना त्याने बेजार केलं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पिकांवरच्या अशा सूत्रकृमींवर संशोधन चालतं. झाड दुपारी मान टाकत असेल आणि वाढ खुंटली असेल, तर हलक्या हाताने थोडी मुळं मोकळी करून धुऊन बघा. मुळंच जागोजागी सुजलेली दिसली तर ते सूत्रकृमींचं काम. कडधान्याच्या मुळावरच्या उपयोगी गाठी बोटाने सहज सुटतात, या सुटत नाहीत, कारण मूळच फुगलेलं असतं. असं झाड मातीसकट काढून टाका, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कुंडी धुऊन उन्हात ठेवा. नवीन मातीत निंबोळी पेंड मिसळा आणि एक हंगाम झेंडू लावा, त्याच्या मुळांतलं द्रव्य या कृमींना मारक असतं. झाकणावरच्या धाग्यांचा या रोगाशी काही संबंध नाही.

राहिला मुलीचा शेवटचा प्रश्न. बघता येतील, आणि फार खर्चही नाही. १९१७ साली गुस्ताव बेअरमान या डॉक्टरांनी मातीतल्या अंकुशकृमींच्या अळ्या शोधण्यासाठी एक पद्धत बसवली, तीच आजही जगभर वापरतात. एका नरसाळ्याच्या तोटीला रबरी नळीचा तुकडा लावा आणि तो चिमट्याने घट्ट बंद करा. नरसाळं उभ्या पेल्यात बसवून कोमट पाण्याने भरा. मूठभर तयार खत मलमलीच्या फडक्यात बांधून ते पाण्याला टेकेल असं वर ठेवा. रात्रभर हलवू नका. कृमी वळवळत फडक्यातून बाहेर पडतात, पण त्यांना पोहून वर जाता येत नाही, म्हणून ते नळीच्या तळाशी जमतात. सकाळी चिमटा जरासा सोडून पहिले पाच-सहा थेंब काचपट्टीवर घ्या. शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. नाहीतर मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला कागदी फोल्डस्कोपही पुरतो, तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो. एक थेंब खताचा, एक सोसायटीतल्या जुन्या झाडाखालच्या मातीचा, असे दोन नमुने घेऊन तुलना करू द्या. येऊरची माती मात्र आणायची नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून परवानगीशिवाय काही उचलणं कायद्याने बंद आहे. सगळं झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

काचपट्टीवर तिने आधी डोक्याची बाजू शोधावी. शेपटी बहुधा जास्त निमुळती असते. तोंडामागे घशात दोन फुगवटे दिसले आणि त्यांतला मागचा भराभर उघडमीट करत असेल, तर तो जिवाणू भरडणारा ऱ्हॅब्डिटिडी. अन्न मिळत असताना ही उघडमीट मिनिटाला दोनशेहून जास्त वेळा होते, त्यामुळे मोजायची असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करून सावकाश चालवून बघावं. शरीराच्या मध्यभागी लांबट गोल अंडी ओळीने दिसली तर तो प्रौढ आहे. तोंडात बारीक सुई दिसली, आणि ती पुढे-मागे होत असेल, तर तो दुसऱ्या कुळातला. त्याचं चित्र काढून नमुना कोणत्या झाडाखालचा आहे ते शेजारी लिहून ठेवावं आणि मला पाठवावं.